जिन्याखालची बस

आंबेमोहराचं पोतं मेट्रोच्या तपासणी यंत्रातून जाताना मी पाहिलंय. पुण्यातलं वनाज स्थानक, सकाळचे साडेआठ. दहा-बारा किलोचं पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. ते आणणाऱ्या आजी पौडच्याही पलीकडच्या कुठल्याशा वाडीतल्या. पाठीला नातवाचं जुनं दप्तर. सुरक्षेच्या मुलीनं विचारलं, "आजी, काय आहे यात?" आजी म्हणाल्या, "तांदूळ हाय. वास नाय का आला?" मुलगी खरंच वाकली, वास घेतला आणि हसली. पोतं पट्ट्यावर चढलं, काळ्या झडपांआड गेलं, पलीकडून बाहेर आलं. मी आणि आजींनी मिळून ते फलाटाकडे जाणाऱ्या सरकत्या जिन्यापर्यंत नेलं. त्यांना स्वारगेटला लेकीकडे जायचं होतं. "मधी एकदाच बदलायची ना गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, कोर्टाला. तिथून खाली जायचं." त्या म्हणाल्या, "बसमधनं उतरून इथवर आले त्येच जड गेलं. आता काय, गाडी नेतीय."

मी रोज हाच प्रवास करते. भूगावहून बसने वनाज, वनाजहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे बदलून मंडई. मंडईजवळच्या एका छापखान्यात मी प्रूफं तपासते. नकाशावर माझा प्रवास दोन सरळ रेघांचा आहे आणि त्या दोन्ही रेघांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पण बसची पायरी सोडल्यापासून मेट्रोचं गेट उघडेपर्यंत जे काही होतं ते कुठल्याच नकाशात नसतं. थांबा, त्याच्या मागचं गटार, पौड रस्त्याची गर्दी, भरधाव दुचाक्या, जिना. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि वर अंधार. आजींना जड गेलं ते पोतं नव्हतं, हा तुकडा होता.

वनाज हे नाव गावाचं नाही, ओढ्याचं नाही, देवळाचंही नाही. ते कारखान्याचं आहे. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर बसतो तो रेग्युलेटर बनवणारा कारखाना. कामगार तिथे उतरायचे म्हणून थांब्याला वनाज कॉर्नर म्हणायला लागले आणि थांब्याचं नाव पुढे मेट्रोच्या स्थानकाला मिळालं. मला हे फार आवडतं. एका बसथांब्याने मेट्रोला नाव दिलंय. म्हणजे इथे बस आधीची आहे, घरची आहे, आणि मेट्रो तिच्याकडे राहायला आली आहे.

मेट्रोच्या गाड्या रात्री विसाव्याला जातात तो आगारही इथलाच, कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर. त्या डेपोचा वास ज्यांनी सोसलाय त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या लहानपणी बस तिथून जाताना सगळी बस एकदम पदराने, रुमालाने नाक झाकायची आणि आमच्या गावाकडे कोणी पाहुणा पहिल्यांदा येणार असेल तर त्याला आधी सांगून ठेवायला लागायचं. आज तिथे धुतलेल्या गाड्या उभ्या असतात. शहरात चांगलं काही घडत नाही असं कोणी म्हणालं की मी त्याला ही जागा सांगते.

6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज एवढाच तुकडा सुरू झाला. पाच स्थानकं. तेव्हा लोक मेट्रोत बसायचे ते मेट्रोत बसण्यासाठीच. आजोबा, सून, तान्हं बाळ, डबा घेऊन अख्खं कुटुंब गरवारेपर्यंत जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं. मीही गेले. खाली कर्वे रस्ता तुंबलेला आणि आपण झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून चाललोय, याचं अप्रूप काही दिवस पुरलं. कामाची मेट्रो झाली ती 1 ऑगस्ट 2023 पासून, रेघ नदी ओलांडून कोर्टापर्यंत आणि पुढे रुबी हॉल दवाखान्यापर्यंत गेली तेव्हा. 6 मार्च 2024 ला ती रामवाडीला पोचली आणि 29 सप्टेंबर 2024 ला कोर्टापासून स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग उघडला. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा मंडईला जमिनीतून वर आले. बाहेर पडले तर समोर मंडईचा मनोरा आणि शेवंतीच्या पाट्या. डोळ्यांत पाणी आलं, ते का हे मला अजून नीट सांगता येत नाही.

कोर्टाचं स्थानक वनाजकरांनी एकदा तरी नीट थांबून बघावं. आपली वनाज-रामवाडी गाडी वर, पुलावर थांबते. तिथून स्वारगेटची गाडी पकडायला उतरत उतरत जायचं, जिन्यामागून जिना. भुयारातला फलाट जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर आहे, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक. एवढ्या खोलात दुपारी वरच्या काचेतून ऊन येतं आणि फरशीवर तिरकं पडतं. तिथून गाडी मुठा नदीच्या पोटाखालून कसब्याकडे जाते. भुयारं खणणाऱ्या यंत्रांना नावंही नद्यांचीच दिली होती: मुळा, मुठा, पवना. इतका काळा पाषाण कोरला, नदीखालून वाट काढली. मग पुलावरची गाडी आणि पाताळातली गाडी जोडायला इतका विचार झाला, तसाच तो बसची पायरी आणि स्थानकाचा जिना जोडायला व्हावा असं मला रोज वाटतं. ते काम तर सपाटीवरचं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, कंडक्टर होते. आता ती पीएमपीएमएल आहे. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाली. पण आमच्या घरात आणि निम्म्या पुण्यात अजून पीएमटीच म्हणतात. अण्णांचा बराच काळ कोथरूड डेपोत गेला. खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांची पेटी आणि पंच. त्या पंचाचा टकटक आवाज घरात आला की आम्हाला कळायचं, अण्णांची ड्युटी संपली. उजव्या हाताच्या अंगठ्यावर त्या पंचाचा घट्टा अजून आहे.

ते सांगतात, कारखान्याची पाळी सुटायची वेळ आणि त्यांच्या फेरीची वेळ यांत दोन-तीन मिनिटांचा फरक पडायचा. कागदावर बस आधी, भोंगा नंतर. मग ते वनाज कॉर्नरला बेल द्यायला उशीर करायचे. चढणाऱ्या बाईचं सुटं मोजायचं, एखाद्या म्हाताऱ्याला पुढच्या सीटवर नीट बसवायचं, तोवर गेटातून माणसं पळत येताना दिसायची. शेवटचा माणूस पायरीवर आला की टण टण. ड्रायव्हरमामांना सगळं ठाऊक असायचं. तेही आरशात गेटकडे बघत बसलेले असायचे. "पण त्याची किंमत पुढच्या थांब्यावरचा माणूस देतो," अण्णा प्रत्येक वेळी हे न विसरता सांगतात. "आपण एकाला घेतलं म्हणजे दुसऱ्याला थांबवलं. म्हणून रोज नाही करायचं. भोंग्याच्या वेळेलाच करायचं."

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरात झालं. दवाखान्यातून निघायला रात्रीचे नऊ वाजले. मंडईहून वनाजपर्यंत आम्ही इतक्या सुखाने आलो की आई मेट्रोत मला म्हणाली, घर आलंच बघ. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात थेंबांची बाटली. जिना उतरलो तर पाऊस असा कोसळत होता की रस्त्याची पलीकडची बाजू दिसेना. थांब्यावर पोचेपर्यंत समोरून आमची बस गेली. तिचा मागचा लाल दिवा दोघींनी बघितला. आईला तो दिसला याचा मला त्या क्षणी आनंद झाला, कारण सकाळपर्यंत त्या डोळ्याला दिवे नुसते पसरलेले दिसायचे. मग आम्ही उभ्या राहिलो. रिक्षा भूगावला यायला तयार नव्हत्या. आडोसा होता, पण वाऱ्यामुळे पाऊस आडवा येत होता आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पिरंगुटच्या कंपनीत रात्रपाळीला निघालेली एक मुलगी आमच्यासमोर छत्री धरून उभी राहिली, स्वतः भिजत. मोबाईलमधल्या अ‍ॅपवर बस कुठवर आलीय ते ती दर दोन मिनिटांनी आईला सांगायची, "नळस्टॉपला आली, काकू. आता आनंदनगर." चाळीस मिनिटांनी बस आली. मंडई ते वनाज हा सगळा प्रवास त्यापेक्षा कमी वेळात झाला होता. आई मात्र कोणालाही त्या दिवसाचं सांगताना मेट्रोचं नाव काढत नाही. छत्रीवाल्या मुलीचं सांगते.

वाहतुकीचा अभ्यास करणारे थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या एका मिनिटापेक्षा जास्त वजनाचं धरतात. गाडीत बसलेला माणूस पुढे जात असतो. थांब्यावरच्या माणसाला आपण पुढे जाणार आहोत की नाही हेच माहीत नसतं. हे अण्णांना पुस्तकातून कळलेलं नाही, पण त्या रात्री आम्ही घरी पोचल्यावर त्यांनी आधी आईचा डोळा बघितला आणि मग मला विचारलं, "जिन्यावरून खाली यायला किती वेळ लागला?"

मी म्हटलं, "अण्णा, आत्ता हे काय?"

"नाही, सांग. बस हुकली ती किती सेकंदांनी?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला वर्तमानपत्राच्या कडेवर आकडे मांडून समजावलं. मेट्रो दहा मिनिटांनी आली काय आणि सात मिनिटांनी आली काय, खालची बस अर्ध्या तासाची असेल आणि दोघींचा मेळ नसेल, तर माणूस सरासरी पंधरा मिनिटं उभा राहणारच. मेट्रोच्या फेऱ्या कितीही वाढवा, ती पंधरा मिनिटं तशीच राहतात. ती कमी होतात दोनच गोष्टींनी. बस वाढल्या तर, नाहीतर बसची वेळ वरच्या गाडीला बांधली तर. त्यातही भूगाव-पिरंगुटची बस शहरातून भरून येते. कर्वे रस्त्यावर, पौड फाट्यावर तिची वेळ सांडत सांडत येते. तिला वेळ बांधायची कुठे? उशीर झालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं साठलेली मिळतात, त्यांना चढवताना ती आणखी मागे पडते, आणि तिच्या मागची बस रिकामी असल्यामुळे पळत येऊन तिला गाठते. मग तासभर काही नाही आणि एकदम दोन बस जोडीने. लोकांना वाटतं ड्रायव्हर गप्पा मारत बसले होते. "गप्पा कसल्या," अण्णा म्हणाले, "गर्दीच त्यांना एकत्र आणते."

मी म्हटलं, मग वनाजलाच सुरू होणारी आणि पिरंगुटला संपणारी छोटी बस हवी. शहराचं ट्रॅफिक तिला लागणारच नाही. मेट्रोला जोडणाऱ्या अशा पूरक फेऱ्या काही स्थानकांवरून सुरूही आहेत. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि तांदूळवाली?"

त्यांचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. सगळ्या बस वनाजला तोडल्या तर वेळेचं गणित सुंदर जुळेल. माझ्यासारखीला, जिच्या हातात फक्त प्रूफांची पिशवी असते, ते सोयीचंच आहे. पण पूर्वी ती आजी आपल्या गावात बसमध्ये बसायची, पोतं पायाशी ठेवायची, डोळा लागला तरी चालायचं, आणि थेट शहरात उतरायची. गाडी बदलणं ही तरुण आणि रिकाम्या हाताच्या माणसाला किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. गुडघे दुखणाऱ्याला, फाइल घेऊन ससून रुग्णालयाला निघालेल्याला, पोर काखेत असणाऱ्या बाईला प्रत्येक बदल म्हणजे नवी भीती: बरोबर थांब्यावर आहे का, सुटे आहेत का, जागा मिळेल का, परत यायला काही असेल का. माझं मत विचाराल तर दोन्ही हव्यात. मेट्रोच्या वेळेला बांधलेली छोटी बसही हवी आणि उशिरा का होईना, सरळ जाणारी लांबची बसही हवी. यात पैसा जातो, मला कळतं. पण 33 मीटर खोल जायला पैसा मिळतो तर हा खर्च फार नाही.

भूगाव, पिरंगुट, पौड हा सगळा मुळशी तालुका. मुळशीच्या माणसांबद्दल मी जरा हळवी होते, कारण आई तिकडची. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्या धरणाच्या पाण्याची वीज घाटाखाली तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना गेली. गावं पाण्यात गेली ती इथली. त्या खोऱ्यातली माणसं शंभर वर्षांनंतर वनाजच्या थांब्यावर मान वाकडी करून बसची वाट बघतात, तेव्हा त्यांच्याकडे शहराचं काही देणं आहे असं मला मनापासून वाटतं. सकाळी या बाजूने घरकामाला निघालेल्या बायका, गरवारेला जाणारी पोरं, दुधाच्या रिकाम्या किटल्या असतात, आणि त्याच वेळी शहराकडून मेट्रोने येऊन पिरंगुटच्या कंपन्यांकडे निघालेले गणवेशातले कामगार असतात. थांब्यावर या दोन गर्दी एकमेकींतून आरपार जातात. कोणाचंही हे शेवटचं स्थानक नाही. गाडीतला आवाज मात्र रोज तसंच सांगतो.

रामवाडीच्या टोकालाही असंच असणार. तिथे पोत्यांऐवजी विमानतळाकडे निघालेल्या चाकांच्या बॅगा असतात, एवढाच फरक.

जून 2025 मध्ये केंद्राने दोन्ही टोकांच्या वाढीला मंजुरी दिली. इकडे वनाज ते चांदणी चौक, तिकडे रामवाडी ते वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडी. एकूण पावणेतेरा किलोमीटर आणि तेरा स्थानकं. त्यातला आमचा वाटा जेमतेम 1.1 किलोमीटरचा आणि दोन स्थानकांचा, कोथरूड बस डेपो आणि चांदणी चौक. आकडा बघून गावात काही जण म्हणाले, एवढ्याशा लांबीत काय मिळणार. मला तो आकडा वाचून झोप लागली नाही, आनंदाने. कारण तेवढ्याशा लांबीत आमच्या बाजूची मेट्रो एका बस डेपोच्या दारात उभी राहणार आहे. आणि पुढे चांदणी चौकात मुळशीची बस, बावधनची बस, महामार्गावरून येणाऱ्या गाड्या सगळ्या भेटतात. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथला जुना पूल स्फोटाने पाडला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवे पूल खुले झाले. मोटारींसाठी रस्ते असे वळसे घालत छान बांधले की बघत राहावं. त्या वळशांच्या जंजाळात पायी चालणाऱ्याने कुठून जायचं हे मात्र अजून दर वेळी शोधावं लागतं. स्थानकाचे खांब उभे राहायच्या आधी कोणीतरी तिथे एक अख्खा दिवस उभं राहावं, पोतं घेऊन. बस जिन्याखाली लागेल का, छपराखालून छपराखाली जाता येईल का, हे आत्ता ठरलं तर होईल. खांब उभे राहिल्यावर फक्त बोर्ड लावता येतात.

अण्णांचं वय आता 74. श्रावणात एक दिवस ते मला न सांगता घरातून निघाले. आईला म्हणाले, देवळात जाऊन येतो. सकाळची बस धरून वनाजला गेले, मेट्रोने स्वारगेटपर्यंत जाऊन परत आले, आणि मग दुपारपर्यंत वनाजच्या थांब्यावर बसले. घड्याळ आणि माझ्या प्रूफांच्या मागच्या कोऱ्या बाजूची वही. तसे ते सहा दिवस गेले. त्यात एक रविवार, एक भर पावसाचा दिवस. वहीत त्यांनी सगळं उतरवलं आहे, कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारख्या, जुन्या वेबिलसारख्या रेघा मारून. फलाट ते गेट, चालत. गेट ते रस्ता, जिन्याने आणि लिफ्टने, वेगवेगळं. रस्ता ओलांडायला लागलेला वेळ, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. "म्हातारा" आणि "तरुण" असे दोन रकाने. तरुणाच्या रकान्यासाठी त्यांनी शेजारच्या पोराला चालायला लावलं होतं. शेवटच्या पानावर पिरंगुटकडच्या बस प्रत्यक्ष किती वाजता आल्या त्या वेळा, सहाही दिवसांच्या, आणि त्यावरून काढलेली एक अंदाजी वेळ. तिच्यापुढे कंसात लिहिलंय, पावसात दहा मिनिटं धरा.

ते पान मी छापखान्यात मोठ्या अक्षरात जुळवून आणलं. अण्णांनी प्रूफ तपासलं, दोन ठिकाणी मलाच चूक दाखवली. आता तो कागद भूगावच्या थांब्यामागच्या किराणा दुकानात, बिस्किटांच्या बरण्यांच्या वर चिकटवलेला आहे. वरचं शीर्षक त्यांचंच: "वनाजला मेट्रोतून उतरल्यावर पुढची बस". वेळापत्रक बदललं की ते काठी टेकत जातात, जुनी वेळ काट मारतात, शेजारी नवी लिहितात. कॉलेजची मुलं फोटो काढून घेतात. दुकानदाराने त्यावर प्लास्टिक लावायचं म्हटलं तर अण्णा नको म्हणाले, मग लिहिता कसं येणार.

काल संध्याकाळी दूध घ्यायला थांबले होते. कागदाच्या खाली, रात्री दहानंतरच्या रिकाम्या रकान्यात, कोणीतरी निळ्या पेनाने एक वेळ वाढवली होती आणि पुढे लिहिलं होतं, "ही पण असते, रोज बघते." अक्षर अण्णांचं नव्हतं.